रिपोर्टात 'माइल्ड' लिहिलंय म्हणजे काय? किडनी तपासणीची दोनशे वर्षांची गोष्ट

आमचं हे बोलणं रेडिओवर झालं तेव्हा बऱ्याच गटांनी निरोप धाडला, की हे छापून द्या, बैठकीत वाचून दाखवू. म्हणून बोललो तसंच इथं देतोय.

मागच्या वर्षी कापसाची वेचणी संपत आली होती, तेव्हा आमच्याकडे दोघीजणी आपापलं पाकीट घेऊन आल्या. दोघी वेगळ्या तालुक्यातल्या, एकमेकींना ओळखतही नव्हत्या. दोन्ही पाकिटांत सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि दोन्ही रिपोर्टांत किडनीच्या ओळीत आशय एकच होता, 'माइल्ड'. म्हणजे सौम्य, किंचित, थोडंसं.

पहिली ताई चाळिशीची. पोट दुखतं म्हणून तिनं सोनोग्राफी केली होती. रिपोर्टात लिहिलं होतं की दोन्ही किडन्या थोड्या उजळ दिसतात, 'ग्रेड वन'. गावात कुणीतरी सांगितलं, "हा पहिला टप्पा, पुढं डायलिसिसच." दोन दिवस घरात धड चूल पेटली नाही. नवऱ्यानं शेळ्यांचा भाव काढून ठेवला. ताईनं मीठ सोडलं, डाळ सोडली, पाणीसुद्धा मोजून प्यायला लागली.

दुसऱ्या काकू साठीच्या. त्यांच्या रिपोर्टात दोन्ही बाजूंना 'माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस' होतं. कुणीतरी म्हणालं, "माइल्ड आहे ना, मग काही नाही." पाकीट पत्र्याच्या पेटीत गेलं आणि आठ महिने तिथंच राहिलं.

एक जीव मुठीत धरून बसली, दुसरी निर्धास्त राहिली. तो एक शब्द दोघींनाही कुणी उलगडून सांगितला नव्हता. पुढं दोघींचं काय झालं ते शेवटी सांगतो. तो शब्द समजायचा तर किडनी कशी तपासायची हे माणूस कसं शिकला, ते आधी बघावं लागतं.

चमचा आणि मेणबत्ती

किडनीला कुणी मूत्रपिंड म्हणतं, आपल्याकडची जुनी माणसं गुर्दा म्हणतात. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. रक्त गाळायचं, घाण लघवीवाटे बाहेर टाकायची, अंगातलं पाणी आणि मीठ सांभाळायचं, बीपी ताब्यात ठेवायचा, रक्त तयार व्हायला मदत करायची, एवढी कामं त्या करतात. आणि हे सगळं करताना तक्रार करत नाहीत. निम्मी ताकद गेली तरी बाईला काहीच जाणवत नाही, असं पुष्कळदा होतं.

मग आत बिघाड आहे हे कळायचं कसं? १८२७ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी एक पुस्तक छापलं. त्यांच्याकडं अंगावर सूज आलेली माणसं येत. ब्राइट काय करायचे, तर रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन चमचा मेणबत्तीवर धरायचे. चांगली लघवी नुसती उकळायची. पण काहींची लघवी अंड्यातल्या पांढऱ्यासारखी साकळायची. लघवीत प्रथिनं, म्हणजे अल्ब्युमिन, उतरत होतं. अशी माणसं दगावल्यावर ब्राइटनी शरीर उघडून पाहिलं, तेव्हा त्यांच्या किडन्या बिघडलेल्या निघाल्या. अंगावरची सूज, साकळणारी लघवी आणि बिघडलेली किडनी या तिन्हींची सांगड त्यांनी घातली. पुढं कितीतरी वर्षं या आजाराला 'ब्राइटचा रोग' असंच म्हणत.

त्या काळी ना एक्स-रे होता ना सोनोग्राफी. किडनी डोळ्यांना दिसायची सोयच नव्हती. तरी एका चमच्यानं तिची बातमी दिली. पिठाची चाळणी फाटली की कोंडा पिठात उतरतो. तसं किडनीची गाळणी खराब झाली की जे रक्तात राहायला हवं ते लघवीत उतरतं.

ही तपासणी आपल्या ओळखीची आहे. गरोदरपणी उपकेंद्रात सिस्टर लघवी तपासायच्या, आठवतंय ना? पूर्वी परीक्षानळी तापवून बघत, आता कागदाची पट्टी बुडवून रंग बघतात. ती ब्राइटच्या चमच्याचीच नात. पण बाळंतपण झालं की आपली लघवी परत कोण तपासतं? आमच्या बैठकांत आम्ही हात वर करायला सांगतो, तेव्हा फार थोडे हात वर येतात.

रक्तातला आकडा

दुसरी पायरी जर्मनीतली. १८८६ साली माक्स याफे नावाच्या रसायनतज्ज्ञानं दाखवलं, की क्रिएटिनिन नावाचा पदार्थ पिक्रिक आम्लाबरोबर मिसळला की नारिंगी-लाल रंग येतो. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. रक्तात तो साठायला लागला, तर किडनीचं काम मंदावलंय असं समजायचं. आज पॅथॉलॉजीत 'क्रिएटिनिन' काढतात, त्यात पुष्कळ ठिकाणी अजून याफेचीच रीत वापरतात.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून धट्ट्याकट्ट्या गड्याच्या अंगात ते जास्त असतं आणि अशक्त, बारीक बाईच्या अंगात कमी. त्यामुळं एकच आकडा गड्यासाठी बरा आणि बाईसाठी काळजीचा असू शकतो. आता वय आणि बाई की पुरुष हे धरून हिशोब करतात, त्याला 'ईजीएफआर' म्हणतात. रिपोर्टात तो नसेल तर डॉक्टरांना विचारायचं, "माझ्या वयाच्या बाईला हा आकडा चालतो का?"

लोखंड तपासणारं यंत्र पोटावर आलं

आता सोनोग्राफी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार होतात, हे आपल्याला माहीत आहे. लोखंडाच्या जोडात आत तडा असेल तर बाहेरून दिसत नाही. तो शोधायला कारखान्यात एक यंत्र असतं. कानाला ऐकू येणार नाही एवढा बारीक आवाज ते लोखंडात सोडतं. तडा आला की आवाज तिथून परत फिरतो, विहिरीत हाक मारली की परत येते तसा.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे बाळंतपणाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, तिथं रडारशी त्यांची ओळख झालेली. त्यांनी ऐकलं, की जवळच्या रेनफ्रू गावात बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात असं यंत्र आहे. १९५५ सालच्या जुलै महिन्यात ते दोन मोटारींच्या डिक्कीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी भरून कारखान्यात गेले. काही गाठी भरीव, काही पाण्याच्या. यंत्र लावलं तर दोन्हींचा आवाज वेगवेगळा परत आला. पाण्यातून आवाज सरळ पार जातो, भरीव गाठीत तो अडतो, विखुरतो. सगळ्या सोनोग्राफीचं मूळ एवढ्याशा फरकात आहे.

पुढं त्यांच्याकडं एक बाई आली. पोट खूप फुगलेलं, आणि तिला जठराचा कॅन्सर आहे, ऑपरेशन करून उपयोग नाही, असं आधीच ठरलेलं. डोनाल्डनी यंत्र लावलं. आत पाण्यानं भरलेली मोठी गाठ दिसली. ती अंडाशयाची साधी गाठ होती. काढली आणि बाई वाचली. १९५८ सालच्या जूनमध्ये डोनाल्ड, त्यांचे सहकारी डॉक्टर मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राउन यांनी हे सगळं 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापलं.

सुरुवातीची चित्रं नुसती काळी-पांढरी होती. १९७० च्या दशकात करड्या रंगाच्या छटा आल्या. तेव्हापासून डॉक्टर किडनीचा रंग शेजारच्या लिव्हरशी ताडून बघू लागले. हे लक्षात ठेवा, पहिल्या ताईचं उत्तर यात आहे.

आपल्या वाट्याला यंत्र कसं आलं

आपल्या महाराष्ट्रात हे यंत्र १९८० च्या दशकात पसरायला लागलं, आणि ते बाईच्या पोटावर फिरलं ते पोटातली मुलगी शोधायला. मुंबईतल्या बायकांच्या संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं देशातलं हे पहिलं राज्य. पुढं १९९४ साली देशाचा कायदा झाला, १९९६ पासून तो लागू झाला आणि २००३ साली आणखी कडक झाला. तरी शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागं राज्यात मुली किती, तर १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. आपल्या जालना जिल्ह्यात २०११ साली हा आकडा ८७० होता.

हे किडनीच्या गोष्टीत कशाला, असं कुणी म्हणेल. सांगतो. वर्षानुवर्षं या यंत्रासमोर आपण झोपलो ते घराण्याच्या वारसासाठी. पडद्याकडं सगळ्यांचे डोळे लागलेले, पण आपली स्वतःची किडनी कशी आहे हे त्या खोलीत कधी विचारायचं असतं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. म्हणून आज स्वतःच्या नावाचा रिपोर्ट हातात आला की आपण एक तर घाबरतो, नाही तर पेटीत टाकतो.

चित्रात काय काय दिसतं

आता रिपोर्टातले नेहमीचे शब्द घेऊ.

'साधी सिस्ट', म्हणजे पाण्याचा फोड. वय वाढतं तसे असे फोड किडनीवर पुष्कळांना येतात. भिंत पातळ, आत नुसतं पाणी असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. अमेरिकेतल्या डॉ. मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ साली अशा फोडांची प्रतवारी केली, ती अजून वापरतात. फोडाची भिंत जाड असेल, आत पडदे असतील किंवा घट्ट भाग असेल तर मात्र पुढं सीटी स्कॅन करायला सांगतात. दोन्ही किडन्यांत खूप फोड असतील आणि घरात आई-बापाला किंवा भावंडांना किडनीचा आजार असेल, तर तेही सांगायचं. तो आजार घराण्यात चालतो.

'तीन-चार मिलिमीटरचा खडा'. एवढा लहान मुतखडा बऱ्याचदा आपोआप पडून जातो. खडा दिसला म्हणून लगेच ऑपरेशन असं नसतं. आपण बोअरच्या जड पाण्याला दोष देतो, पण मोठं कारण म्हणजे कमी पाणी पिणं. आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ पडला, २०१२-१३ चा पडला. टँकरच्या पाण्यात आधी जनावरं, मग पोरं, मग गडी, आणि उरलं तर बाई. शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता वेचणी करायची सवय आपल्याला आयांनीच लावली, त्यांचाही नाइलाज होता. पण त्याची किंमत किडनी मोजते. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी मात्र डॉक्टरांचंच ऐकायचं.

'एक किडनी लहान' किंवा 'एकच किडनी'. प्रौढ माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते आणि डावी उजवीपेक्षा थोडी मोठी असते. एवढा-तेवढा फरक चालतो. काहींना जन्मापासून एकच किडनी असते आणि आयुष्य सुखात जातं. फक्त ते माहीत असायला हवं. बीपी आणि लघवी दरवर्षी तपासायची आणि कुठल्याही डॉक्टरांना आधी हे सांगायचं.

'किडनी उजळ दिसते, ग्रेड वन'. इथं मोठा गोंधळ होतो. सोनोग्राफीतला ग्रेड हा चित्रातल्या रंगाचा आहे. किडनीच्या आजाराचे टप्पे असतात त्यांना स्टेज म्हणतात, आणि ते रक्तातल्या आकड्यावरून आणि लघवीतल्या प्रथिनांवरून ठरतात. ग्रेड आणि स्टेज ही दोन वेगळी मापं आहेत, शेर आणि हात यांच्यासारखी. शिवाय हा रंग बघणाऱ्याच्या नजरेवर आणि यंत्रावरही अवलंबून असतो. लिव्हरवर चरबी असली तर लिव्हर उजळ दिसतं, मग शेजारच्या किडनीचा अंदाजही चुकतो.

'माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस'. डॉक्टर सोप्या भाषेत म्हणतात, "किडनीला सूज आहे." ही सूज म्हणजे लघवी साचून किडनीचा आतला भाग ताणलेला असतो. गरोदरपणात हे खूप बायकांना होतं, जास्त करून उजवीकडं, आणि बाळंतपणानंतर बहुतेकदा जातं. सोनोग्राफीच्या वेळी लघवी फार तुंबलेली असेल तरी असं दिसू शकतं. तेव्हा लघवी करून आल्यावर परत बघतात. पण या दोन्हींतलं काही नसेल, तर लघवी अडते कुठं हे शोधावंच लागतं. खडा असेल, गर्भाशयाची मोठी गाठ दाबत असेल, अंग बाहेर येत असेल, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर असेल. 'माइल्ड' हा शब्द लघवी किती साचली ते सांगतो. का साचली ते सांगत नाही.

आणि आता उलटी बाजू. शुगर आणि बीपीमुळं किडनी बिघडते तेव्हा सुरुवातीची बरीच वर्षं सोनोग्राफीत किडनी अगदी छान दिसू शकते. लघवीत मात्र प्रथिनं उतरायला लागलेली असतात. म्हणजे चित्र चांगलं आलं तरी चमचा वेगळं बोलू शकतो. म्हणून शुगर किंवा बीपी असलेल्या बाईनं "सोनोग्राफी नॉर्मल आली" एवढ्यावर थांबायचं नाही. चित्र किडनीचा आकार सांगतं. लघवी आणि रक्त तिचं काम सांगतात. दोन्ही जोडून वाचायचं.

तीन महिन्यांचा नियम

२००२ साली अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशननं किडनीच्या जुनाट आजाराची व्याख्या ठरवली, ती पुढं जगभर चालू झाली. त्यात एक साधी अट आहे. बिघाड तीन महिने किंवा जास्त टिकलेला असला पाहिजे. ताप, जुलाब, उन्हाचा त्रास, लघवीचा संसर्ग, एखादं औषध, यांनी आकडे तात्पुरते हलतात. एका दिवसाच्या एका कागदावरून 'किडनी गेली' असं कुणी म्हणू नये, आणि तपासणी परत करायची तारीख आपण चुकवू नये.

याच जागी एक सावध करणारी गोष्ट. १९५३ साली स्वित्झर्लंडमधल्या स्प्युलर आणि झोलिंगर या डॉक्टरांनी किडनी आक्रसत जाणाऱ्या एका आजाराबद्दल लिहिलं. पुढं त्याचा संबंध दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या-पुड्यांशी लागला. घड्याळाच्या कारखान्यांत बारीक काम करणाऱ्या बायका डोकेदुखी घालवायला आणि दिवस ढकलायला रोज फेनासेटिन असलेल्या पुड्या घ्यायच्या. वर्षानुवर्षं घेतल्या आणि किडन्या गेल्या. ते औषध पुढं देशोदेशी बंद झालं. पण आपल्या किराणा दुकानात बरणीत असतात त्या अंगदुखीच्या गोळ्या बघा. वेचणीच्या दिवसांत कंबर धरली की एक सकाळी, एक संध्याकाळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या उन्हात, कमी पाण्यावर, रोज घेतल्या तर किडनीला मारक ठरतात. बीपी, शुगर असणारीला तर जास्तच. आपण त्या घड्याळवाल्या बायकांच्या बहिणीच आहोत.

बाई देते, बाईला मिळतं का?

किडनी पूर्ण थकली तर काय? १९४३ साली नेदरलँड्समधल्या कांपेन गावात, देश जर्मन फौजेच्या ताब्यात असताना, डॉ. विलेम कोल्फ यांनी लाकडी ढोल आणि सॉसेजला लावतात तसल्या सेलोफेनच्या नळ्या वापरून रक्त धुणारं यंत्र बनवलं. सुरुवातीचे रुग्ण वाचले नाहीत. १९४५ साली पहिल्यांदा जो जीव वाचला ती ६७ वर्षांची एक बाई होती. आपल्या देशात किडनी बदलण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९७१ साली वेल्लोरला झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात किडनीचा विभाग डॉ. विद्या आचार्य या बाईंनी चालवला. आता डायलिसिस जिल्ह्याच्या गावापर्यंत आलंय. २०१६ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, आणि राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं.

पण एक गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत, आई, बायको, बहीण. आणि किडनी ज्यांना बसवली जाते त्यांत बहुसंख्य पुरुष. २०१८ साली जागतिक किडनी दिन आणि ८ मार्चचा महिला दिन एकाच दिवशी आले, तेव्हा त्या वर्षीचा विषयच 'किडनी आणि महिलांचं आरोग्य' हा ठेवला होता. देताना आपण पुढं असतो. तपासायच्या रांगेत मात्र मागं असतो.

त्या दोघींचं काय झालं

पहिल्या ताईला आमच्यातली एक जण आणि आशाताई मिळून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. बीपी बघितला, लघवी तपासली, रक्तातली शुगर आणि क्रिएटिनिन काढलं. सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर चरबी आहे. किडनीचं तीन महिन्यांनी परत बघू." तीन महिन्यांनी लघवी आणि रक्त परत चांगलंच आलं. डॉक्टरांनी तिला वर्षाला एकदा यायला सांगितलं. शेळ्या दावणीलाच राहिल्या. ताई आता पोटभर पाणी पिते आणि डाळही खाते. मात्र अंगदुखीची बरणीतली गोळी तिनं बंद केली.

काकूंशी बोलायला आम्हाला दोन बैठका लागल्या. तिसऱ्या बैठकीला सगळ्या उठून गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "माझं अंग बाहेर येतंय गं. सात-आठ वर्षं झाली." नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सुनेला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही कसं सांगायचं? पदर आवळून पाण्याच्या घागरी आणत राहिल्या. गर्भाशय खाली उतरल्यामुळं दोन्ही बाजूंच्या लघवीच्या नळ्या ताणल्या गेल्या होत्या आणि लघवी मागं साचत होती. क्रिएटिनिनही वाढलं होतं. डॉक्टरांनी आधी आतून रिंग बसवली, मग ऑपरेशन केलं. किडनी काही अंशी सावरली, पूर्ण नाही. आता त्यांना कायम तपासणीत राहावं लागणार आहे. त्या आठ महिन्यांची आम्हाला अजून हळहळ वाटते. आणि आधीच्या सात वर्षांची त्याहून जास्त.

आता आपण काय करायचं

गटाच्या बैठकीत हे ठरवून टाका. कुणाच्या हातात किडनीबद्दल काही लिहिलेला रिपोर्ट आला, तर तो पेटीत जाणार नाही. डॉक्टरांना चार प्रश्न विचारायचे. चित्रात जे दिसलं ते का झालं? माझी लघवी, रक्त आणि बीपी काय सांगतात? हे परत कधी बघायचं? मी घेते त्यातल्या कोणत्या गोळ्या बंद करायच्या? उत्तर तोंडी मिळालं तरी तारीख कागदावर लिहून घ्यायची. जुने रिपोर्ट फेकायचे नाहीत, नव्याशी ताडायला तेच लागतात.

आणि काही गोष्टींना तारीख नसते, त्याच दिवशी जायचं. थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली दुखणं. लघवीत रक्त. लघवी बंद होणं किंवा फार कमी होणं. तोंडावर, पायांवर सूज. गरोदरपणात बीपी वाढणं. पाळी गेल्यावर परत रक्त जाणं. एकच किडनी असलेल्या बाईला पोटात किंवा कुशीत कळ येणं. अशा वेळी माइल्ड-फाइल्ड काही म्हणत बसायचं नाही.

ज्यांना शुगर आहे, बीपी आहे, ज्यांच्या घरात कुणाला किडनीचा आजार आहे, गरोदरपणात ज्यांचा बीपी वाढला होता, त्या सगळ्यांनी वर्षातून एकदा लघवी आणि रक्त तपासून घ्यायचं. एकटीला जायला लाज वाटत असेल तर चौघी मिळून जा. बँकेत आपण गटानं जातोच की.

ब्राइटच्या हातात दोनशे वर्षांपूर्वी एक चमचा आणि एक मेणबत्ती होती. तेवढ्यावर त्यांनी किडनीचं दुखणं ओळखलं, कारण समोरच्या माणसाची लघवी बघण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याला आपल्या अंगाबद्दल बोलण्यात कमीपणा वाटू नये, एवढंच आमचं मागणं आहे. पुढच्या बैठकीला आपापल्या पेट्या उघडा, पाकिटं घेऊन या. मिळून वाचू.

रामराम.